मृदंगाचा धुमा आणि शेवटचे दोन डेसिबल

अंबाजोगाईजवळच्या एका गावातील भजनी मंडळाचे नऊ अभंग आणि दोन गवळणी मी गेल्या वर्षी ध्वनिमुद्रित केल्या. मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकची जुळणी, मंडळातल्या सगळ्यांना पसंत पडले होते. त्यानंतर मी मोठ्या हौसेने मास्टरिंग, म्हणजे जुळलेल्या गाण्यावरचा शेवटचा हात, केले, फाइली पेनड्राइव्हवर दिल्या आणि चार दिवसांनी मंडळाचे मृदंगवादक, जे वयाने मला वडिलांच्या जागी आहेत, घरी आले. चहा होईपर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकरा, बाकी सगळं बेस हाय, पण बुवा समेवर आले की पाण्यात बुडी मारल्यावानी वाटायलंय."

मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर त्यांनी कधी पाहिलेला नाही, पण दोष नेमका तोच होता. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुम्याला, कणीक लावलेली असते आणि तिच्यामुळे त्याचा नाद खोल, घुमारदार होतो. ध्वनीची सर्वाधिक ऊर्जा अशा खालच्या नादातच साठलेली असते. मास्टरवर, म्हणजे एकत्र झालेल्या सगळ्या आवाजावर, बसवलेला कॉम्प्रेसर एकूण पातळी पाहतो. ती धुम्यामुळे वाढली की गळ्यामुळे, हे त्याला कळत नाही. थाप पडली की तो सगळेच खाली दाबतो आणि त्यात बुवांचा आवाजही दबतो. मी गुणोत्तर चारास एक ठेवले होते (मर्यादेच्या वर चार डेसिबल चढले तर एकच पुढे जातो), पकड, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, अवघ्या ५ मिलिसेकंदांची होती आणि सोड, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, इतकी सावकाश की आवाज पूर्ववत होईपर्यंत पुढची थाप येऊन ठेपत असे. वर, ठरलेल्या छतापुढे आवाज जाऊच न देणारा लिमिटर होताच. दर समेला बुडी बसली नसती तरच नवल.

त्या दिवसापासून मी मास्टरवर एकामागून एक बसवलेल्या साधनांच्या साखळीतील प्रत्येक कडीला एकच प्रश्न विचारतो: तू इथे कशासाठी आहेस? उत्तर देता आले नाही, तर ती कडी काढून टाकतो. आज माझ्याकडे उरलेली साखळी चार कड्यांची आहे: इक्वलायझर (खालचे-वरचे नाद कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर, लिमिटर आणि शेवटी मोजमापाचा मीटर. हे सगळे रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयतेच मिळते. मीटर तेवढा मी यूलीन या कंपनीचा विनामूल्य मिळणारा वापरतो. महागड्या प्लगइनांशिवाय, म्हणजे सॉफ्टवेअरला वेगळ्या जोडायच्या साधनांशिवाय, मास्टरिंग होत नाही, असे मलाही पूर्वी वाटत असे.

साखळीच्या आधीची एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण निम्मे काम तिथेच होते किंवा बिघडते. आमचे ध्वनिमुद्रण जुन्या माळवदाच्या घरात झाले. तिथल्या भिंती जाड मातीच्या आहेत आणि दोन बाजूंना आईने शिवलेल्या वाकळा टांगल्या होत्या. वाकळ टाळांचा चरचरीतपणा चांगला शोषते. धुम्याच्या घुमण्यावर मात्र तिचा काही इलाज चालत नाही, कारण खालच्या नादाच्या लाटा लांब असतात आणि दोन बोटे जाडीच्या कापडाला त्या दाद देत नाहीत. पंखा बंद ठेवावा लागला. अर्थिंग नीट नसल्यामुळे एका मायक्रोफोनमध्ये विजेची गुणगुण शिरली होती. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ही गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर ऐकू येते, आणि नेमका त्याच परिसरात धुमाही नांदतो. ती मास्टरवर कापायला गेलो असतो तर मृदंगाचा जीव गेला असता, म्हणून त्या एका ट्रॅकवरच अरुंद काप देऊन ती काढली. एका वाद्याचा दोष त्याच वाद्यावर दुरुस्त करावा, सगळ्यांना एकाच औषधाचा डोस देऊ नये, हे मला तेव्हा पटले. मिक्सची फाइल मी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर काढतो, मास्टरवर लिमिटर न लावता, आणि तिचे सर्वोच्च शिखर शून्याच्या, म्हणजे डिजिटल फाइलीत मावणाऱ्या कमाल पातळीच्या, खाली साधारण ६ डेसिबलवर ठेवतो. सहा हा आकडा काही शास्त्रात सांगितलेला नाही. पुढे काम करायला मोकळी जागा मिळावी, एवढाच त्याचा अर्थ.

इक्वलायझरवर पहिला काप ३० हर्ट्झच्या खाली, हलक्या उताराचा. तिथे संगीत नसते. पायांचे धक्के आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरची थरथर असते. ती ऐकू येत नसली तरी पुढच्या कॉम्प्रेसरला विनाकारण कामाला लावते. त्यानंतर ३०० हर्ट्झच्या आसपास एक डेसिबल कमी, कारण पेटी आणि चार टाळकऱ्यांचे कोरसमधले आवाज तिथे एकमेकांवर बसून मचूळ होतात. टाळांसाठी ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास दीड डेसिबल कमी केले. मास्टरवर मी दोन डेसिबलच्या पुढे सहसा जात नाही. त्याहून जास्त लागत असेल तर मिक्समध्ये परत जातो. टाळांचा ट्रॅक तिथे आहेच, तोच थोडा खाली ओढला की काम भागते.

आता कॉम्प्रेसर. गुणोत्तर दीडास एक, पकड ३० मिलिसेकंद, सोड २०० मिलिसेकंद, आणि आवाज किती दाबला ते दाखवणारा काटा एक ते दोन डेसिबलच्या पलीकडे हलू द्यायचा नाही. पकड सावकाश ठेवल्यामुळे थापेची पहिली धार निसटून पुढे जाते आणि मृदंग टणक राहतो. सोडीचा हिशेब मी लयीवरून करतो. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. थाप पडल्यावर काटा पुढच्या मात्रेच्या आत शून्यावर परतला पाहिजे. हे कानाने उमगायला वेळ लागतो, म्हणून मी चक्क काट्याकडे पाहत मांडीवर मात्रा मोजतो. परंतु बुवांची बुडी खरी थांबली ती दुसऱ्याच एका बटणामुळे. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या 'ऐकण्याच्या' वाटेवर वेगळा काप देता येतो. मी तो १२० हर्ट्झवर ठेवला. त्यामुळे गाण्यातला धुमा जसाच्या तसा राहतो, फक्त कॉम्प्रेसरला तो नीट ऐकू येत नाही. आता काटा हलतो तो बुवा वरच्या स्वरात जातात तेव्हा, आणि तेच मला हवे होते. एवढ्या एका बदलाने जो फरक पडला, तो त्याआधी आठवडाभर नवनवी प्लगइने बदलूनही पडला नव्हता.

लिमिटरबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. आपल्याकडे 'आवाज पाहिजे' ही मागणी ठरलेली असते, आणि मीही पहिल्या खेपेस सात डेसिबल ढकलून फाइल सरासरी उणे ८ एलयूएफएसपर्यंत नेली होती. एलयूएफएस हे गाणे कानाला किती मोठे वाटते याचे मोजमाप २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रसिद्ध केलेल्या शिफारशीतून आले. नुसती शिखरे दाखवणाऱ्या मीटरवरून तो अंदाज येत नसे. हे मोजमाप खालचे नाद कमी धरते, साधारण २ किलोहर्ट्झच्या वरचे सुमारे ४ डेसिबल जास्त धरते आणि मधल्या शांत जागा हिशेबातून वगळते. यूट्यूब उणे १४ च्या वर गेलेले गाणे आपणहून खाली आणते. संगणकावर व्हिडिओवर उजवे क्लिक करून तांत्रिक माहिती उघडली की 'कंटेंट लाउडनेस' हा आकडा दिसतो. माझ्या फाइलीपुढे तो सहाच्या थोडा वर होता. म्हणजे ज्या आवाजासाठी मी मृदंगाची धार बोथट केली, तो आवाज तिथे सहा डेसिबलने उतरवला जात होता आणि बोथट धार तेवढी ऐकणाऱ्याच्या पदरी पडत होती. हळू गाणे मात्र यूट्यूब वर उचलत नाही, त्यामुळे फार मागे राहणेही परवडत नाही. आता माझे अभंग उणे १४ ते उणे १२ च्या दरम्यान येतात आणि लिमिटरला क्वचित दोन डेसिबल काम पडते. त्याचे छत मी उणे १ डेसिबलवर ठेवतो, तेही खऱ्या शिखराचे मोजमाप चालू करून, कारण डिजिटल फाइलीत आवाज सुट्या नमुन्यांनी साठवलेला असतो, दोन नमुन्यांच्या मध्ये लाट कधी कधी त्या दोहोंपेक्षा उंच जाते आणि एमपी३ किंवा एएसी करताना शिखरे आणखी थोडी वर सरकतात.

मास्टरिंग करताना सगळ्यांत मोठी फसवणूक आपलाच कान करतो. एखादा आवाज अर्ध्या डेसिबलने जरी मोठा झाला, तरी तो 'सुधारला' असे वाटते. म्हणून साखळी चालू-बंद करून तुलना करताना दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्यावी. हे केल्यावर माझ्या पहिल्या साखळीतील दोन कड्या काहीच करत नव्हत्या, असे निघाले. तिसरी नुकसानच करत होती.

ती तिसरी कडी म्हणजे स्टिरिओ रुंद करणारे प्लगइन. हेडफोनवर त्याने पेटी अशी पसरली होती की ढेळजेत बसून ऐकल्याचा भास व्हावा. कार्तिकात काकड्याला मंदिरात तीच फाइल लावली, आणि भोंग्यातून पेटी जवळजवळ नाहीशी झाली. मंदिरातला अँप्लिफायर डावी आणि उजवी वाहिनी एकत्र करून एकाच तारेने भोंग्याला देतो. रुंदीचे प्लगइन दोन वाहिन्यांमधला फरक वाढवते. त्या एकत्र केल्या की फरक आपोआप वजा होतो. दोन मायक्रोफोननी घेतलेली आमची पेटी मुख्यतः त्या फरकातच वसलेली होती. पहाटेच्या थंडीत पेटीवाले काका माझ्याकडे पाहत होते आणि मी भोंग्याकडे. आता प्रत्येक मास्टर मोनोचे, म्हणजे दोन्ही वाहिन्या एक करणारे, बटण दाबून एकदा पूर्ण ऐकतो.

सगळ्या गाण्यांचा आकडा सारखा करण्याचा हट्टही मी सोडला आहे. गजराच्या अभंगात टाळ इतके असतात की वरच्या नादांना जास्त धरणारा मीटर तिथे झटकन चढतो. गवळण नुसत्या पेटीवर आणि हलक्या मृदंगावर चालते. दोन्ही उणे १४ वर आणल्या तर गवळणीतले बुवा कानाशी येऊन ओरडतात आणि गजरातले बुवा मागच्या रांगेत जाऊन बसतात. म्हणून एकामागून एक ऐकताना गळ्याचा आवाज सारखा वाटेल इतपत मी पातळी जुळवतो. आमच्या संग्रहात गवळणी गजरापेक्षा अडीच डेसिबल खाली आहेत, आणि अजून कोणी तक्रार केलेली नाही. सीडीसाठी फाइल १६ बिटवर आणायची असेल, तर अगदी शेवटी डिदर, म्हणजे नाममात्र खरखर, मिसळावा. त्याने अगदी बारीक आवाज तुटक होत नाहीत.

भोंग्यासाठी मी आता वेगळीच फाइल करतो. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली फारसे काही वाजवत नाही. खालचा नाद दिला तर तो आतल्या पडद्याला नुसता ताण देतो. त्या फाइलीत १५० हर्ट्झच्या खालचे सगळे काढलेले असते, ती मोनो असते आणि कॉम्प्रेसर त्यात मी बिनदिक्कत कसतो, कारण शेतातून जाणाऱ्या माणसाला अभंगाचे शब्द कळले पाहिजेत. मृदंगवादकांना हे अजून पूर्ण मान्य नाही. धुमा काढून मृदंग कसा राहील, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे, पण भोंगा धुमा वाजवीत नाही हे त्यांनाही दिसते. त्या पेनड्राइव्हवर मी काळ्या मार्करने 'फक्त मंदिर' असे लिहिले आहे, कारण मागच्या महिन्यात मंडळातल्या एका मुलाने त्यातलीच फाइल यूट्यूबवर चढवली आणि मला सकाळी सकाळी मृदंगवादकांचा फोन आला.