इंटरसेप्टरचे शॉकअप बदलावेत का? बोपदेव–दिवे फेरीवरचा हिशेब

गेल्या नोंदीत चेनसेटचं आटोपलं. पुढचा खर्च शॉकअपवर, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. रॉयल एन्फिल्डची सेकंडहँड इंटरसेप्टर ६५० घेतल्यापासून जो भेटेल तो एकच सांगतो, "इंजिन एक नंबर, फक्त मागचे शॉकअप बदलून टाक." सांगणाऱ्यांपैकी निम्मे त्या गाडीवर कधी बसलेलेही नसतात, पण ते जाऊ दे. सल्ला इतक्यांदा कानावर पडला की पैसे बाजूला काढून ठेवले. त्यातले बरेचसे अजून तसेच पडून आहेत.

मला नक्की काय खटकतं ते आधी लिहून काढलं. वळणात गाडी जड वाटते. वळणातच खड्डा आला की मागून फटका बसतो आणि लाईन सुटते. उतारावर ब्रेक दाबला की नाक फार खाली जातं. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिन्ही एकाच पार्टने मिटतील, असं मानायला काही आधार नाही.

म्हणून आधी तुलना केली. मित्राची ट्रायम्फ स्पीड ४०० आणि आतेभावाची नवी, म्हणजे तिसऱ्या पिढीची केटीएम ३९० ड्यूक. दोघींचं माहेर चाकण, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये माझीच गाडी तेवढी परगावची. फेरी ठरलेली: पुण्यात कोंढव्यातून बोपदेव घाट चढायचा, सासवडला चहा, दिवे घाट उतरून हडपसर. रविवारी उजाडायच्या सुमाराला निघायचं, कारण आठनंतर दिवे घाटात वाहतुकीतून तुम्ही हँडलिंग नाही, फक्त स्वतःचा जीव सांभाळता. या फेरीत सगळं मिळतं: शहरातले पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक, चढावरची आवळलेली वळणं, मधला सरळ पट्टा आणि शेवटी ब्रेकची परीक्षा बघणारा उतार. वाटेत ठरलेल्या जागी गाड्या बदलायच्या. टायरातली हवा घरून निघताना, टायर गार असताना, एकाच गेजने तिन्ही गाड्यांना मॅन्युअलप्रमाणे भरलेली. पंपावरच्या गेजवर विसंबून तुलना करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

कागदावरचे आकडे पाहिले तेव्हा पहिला धक्का बसला. इंटरसेप्टरचा रेक (स्टिअरिंगच्या दांड्याचा उभ्या रेषेपासूनचा तिरकेपणा) २४ अंश, ट्रेल (त्या दांड्याची रेषा जमिनीला जिथे लागते तिथून टायर किती मागे टेकतो ते अंतर) साधारण १०६ मिमी, व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १४०० मिमी. स्पीड ४०० चा रेक २४.६ अंश, ट्रेल १०२ मिमी, व्हीलबेस १३७७ मिमी. म्हणजे स्टिअरिंगच्या भूमितीत नाव घेण्यासारखा फरक नाही. इंटरसेप्टरची फ्रेम ज्यांच्या मदतीने तयार झाली ते हॅरिस परफॉर्मन्सवाले (रॉयल एन्फिल्डने २०१५ मध्ये ती ब्रिटिश कंपनीच विकत घेतली) रेसच्या फ्रेम बांधण्यासाठीच ओळखले जायचे. तरीही बोपदेवच्या वळणात स्पीड ४०० नुसती बघाल तिकडे वळते आणि माझी हँडल ढकलून पाडावी लागते. यामागचं मुख्य कारण चाळीसेक किलोंचा फरक. शिवाय तिची चाकं १७ इंची, माझी १८ इंची, आणि टायरही वेगळ्या जातीचे. पहिल्या तक्रारीचा निकाल तिथेच लागला. जगातला कुठलाही शॉकअप गाडीचं वजन चाळीस किलोंनी कमी करत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. सासवडच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर आडव्या वाऱ्यात माझी गाडी जशी ठाम जाते तशी त्या दोन्ही जात नाहीत. मित्रही कबूल झाला, तोंड वाकडं करून.

दुसरी तक्रार जास्त गुंतागुंतीची. इंटरसेप्टरच्या पुढच्या चाकाला वरखाली व्हायला ११० मिमी जागा आहे, मागच्याला फक्त ८८ मिमी. स्पीड ४०० ला १४० आणि १३०. ड्यूकला दोन्हीकडे १५०. दिवे घाटाच्या उतारावर एका डावीकडच्या वळणात डांबराचं ठिगळ आहे, उंचवटा आणि लगेच खळगा. स्पीड ४०० वर तिथून खालून काहीतरी गेलं एवढंच कळतं. माझ्या गाडीवर मागचं चाक उडतं आणि गाडी हातभर बाहेर सरकते. तेवढाच धक्का ८८ मिमीत जिरवायचा तर मागचा भाग कडक ठेवण्यावाचून इलाज नाही, नाहीतर तो खाली आदळेल. त्याच लांबीची बाहेरच्या कंपनीची महागडी शॉकअपची जोडी बसवली तरी ती याच जागेत काम करणार. तिचं डॅम्पिंग (स्प्रिंगची हालचाल तेलाने आवरणं) उत्तम असेल, पण जागा वाढणार नाही.

डॅम्पिंग म्हणजे काय हे अंगाला कळलं ते ड्यूकवर. तिच्या मागच्या शॉकअपला रिबाउंडचे, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर येईल ते ठरवणारे, पाच क्लिक आहेत. आतेभावाने गाडी घेतल्यापासून त्यांना हात लावला नव्हता. मी आधी ते एका टोकाला नेले. रिबाउंड अगदी मोकळं सोडल्यावर उंचवट्यानंतर मागचा भाग दोनतीनदा डुलतो. दुसऱ्या टोकाला, पूर्ण आवळल्यावर, लागोपाठ खड्डे आले की शॉकअप दबतो आणि पुढचा खड्डा यायच्या आत वर येतच नाही. दबत दबत शेवटी दगड होतो. गाडी तीच, वळण तेच, आणि फरक इतका की डोळे बांधूनही सांगता येईल. ज्यांना रिबाउंड आणि कॉम्प्रेशनची (शॉकअप दबतानाच्या डॅम्पिंगची) चर्चा पुस्तकी वाटते त्यांनी कुणाची तरी क्लिकवाली गाडी मागून एक सकाळ हा खेळ करावा. भावाने मात्र परतल्यावर सगळं होतं तिथे आणून ठेवलं. "दादा, हप्ते मी भरतोय," म्हणाला.

मग वळलो माझ्या गाडीकडे. सॅग म्हणजे आपण बसल्यावर गाडी स्प्रिंगवर किती खाली बसते ते अंतर. तो मोजायला टेप आणि गाडी धरायला एक माणूस लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन काकांना पुढून हँडल धरायला लावलं. आधी गाडी सेंटर स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, टेल पॅनेलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून तिथपर्यंतचं अंतर घेतलं. मग हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं चढवून गाडीवर बसलो, दोनदा हलकेच दाबलं आणि तेच अंतर परत. दोन्हींतला फरक म्हणजे माझा सॅग. तो आला १३ मिमी. रस्त्यावरच्या गाडीला एकूण प्रवासाच्या पाव ते तीस टक्के सॅग ठीक धरतात, म्हणजे ८८ मिमीत २२ ते २६. खाली वाकून पाहिलं तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी खाच) पाचव्या, म्हणजे शेवटच्या खाचेवर. आधीचे मालक बहुधा कायम डबलसीट फिरत असावेत.

टूलकिटमधल्या पान्याने दोन्ही बाजू दुसऱ्या खाचेवर आणल्या. सॅग २४. पुढच्या रविवारी दिवे घाटातलं तेच ठिगळ तेवढ्याच वेगाने घेतलं. फटका गेला नाही, पण निम्म्यावर आला, आणि गाडी लाईन सोडेनाशी झाली. खर्च शून्य.

इथे एक गैरसमज गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो, तो खोडून टाकतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. तिचा कडकपणा तोच राहतो, गाडी फक्त उंच बसते. मग माझा फटका कमी का झाला? खड्डा आला की चाकाला खाली उतरून जमीन धरावी लागते. गाडी आधीच जवळपास पूर्ण वर बसलेली असेल तर खाली उतरायला उरलेलं अंतर १३ मिमी. ते संपलं की चाक हवेत. आता तिथे २४ आहेत. माझं वजन रायडिंगच्या सामानासकट नव्वदीच्या आसपास आहे. साठ किलोच्या माणसाला पहिल्या खाचेवरही हा आकडा गाठता येईलच असं नाही. त्याच्यासाठी स्प्रिंगच वेगळी लागेल आणि तिथे बाहेरची जोडी खरंच कामाची ठरेल.

पुढच्या चाकाकडे परिस्थिती उलटी निघाली. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या, आत स्प्रिंग आणि तेल असलेल्या दोन पायांचा) सॅग ४२ मिमी, ११० पैकी. तीसेक असायला हवा. पुढे प्रीलोड फिरवायची सोयही नाही. आतल्या नळीला एक झिपटाय बांधला आणि दिवे घाट उतरून आलो, तर तो जवळजवळ वरच्या टोकाला जाऊन बसलेला, म्हणजे फोर्क जवळपास पूर्ण दबत होता. म्हणजे तिसरी तक्रार खरी होती आणि तिला पार्ट लागणारच होता. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांमध्ये फोर्कची ऑईल सील मिळाली, पण वजनाप्रमाणे निवडायच्या स्प्रिंगचं नाव काढल्यावर सगळीकडे तोच कोरा चेहरा पाहिला. शेवटी ऑर्डर देऊन मागवल्या.

गॅरेजवाल्या काकांचं म्हणणं होतं, स्प्रिंग कशाला, जाड तेल टाका, काम होऊन जाईल. त्यांचा हात चांगला आहे, माझी गाडी दुसऱ्या कुणाकडे मी नेत नाही, पण यावर आमचं जमलं नाही. या फोर्कमध्ये साधा डॅम्पर रॉड आहे, म्हणजे ठरावीक मापाच्या भोकांतून तेल ढकललं जातं. वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. त्यामुळे ब्रेकवर नाक सावकाश खाली जातं तेव्हा विरोध कमी पडतो आणि खड्ड्याच्या धारेवर चाक झटकन वर येतं तेव्हा तोच विरोध नको इतका होतो. जाड तेलाने दोन्हीकडचा वाढतो. नाक थोडं सावरेल, पण मनगटाची वाट लागेल. तेल आहे त्याच ग्रेडचं ठेवलं.

जुनं तेल बाहेर आलं ते करड्या रंगाचं, तळाशी बारीक चकाकणारा गाळ. नवं भरताना मोजपात्रावर न थांबता स्प्रिंग बाहेर ठेवून, फोर्क पूर्ण दाबून, वरून तेलाच्या पातळीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. दोन्ही पायांत ते सारखं हवं, कारण तेलावर कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगसारखीच काम करते. काका आधी हसले. मग दुसऱ्या पायात पातळी कमी निघाली तेव्हा स्वतःच पट्टी मागून घेतली.

आता पुढचा सॅग ३३. उतारावर ब्रेक दाबला की नाक जातं, पण मध्येच थांबतं, आणि झिपटायच्या वर दोन बोटं जागा उरते. वळणात शिरताना गाडी मधेच दचकत नाही, हा फायदा मी धरलाच नव्हता. खड्ड्याची धार मात्र हातात पूर्वीसारखीच येते, कदाचित किंचित जास्त. त्यावर उपाय म्हणजे डॅम्पर रॉडवर बसणारा एम्युलेटर व्हॉल्व्ह, जो धक्का जोराचा असला की उघडून तेलाला वाट देतो. ते काम पुढे कधीतरी.

याच दरम्यान ग्रुपमधल्या एकाने त्याची मागची बाहेरची, रिबाउंड फिरवता येणारी जोडी आठवडाभर वापरायला दिली. सॅग तेवढाच लावला, म्हणजे तुलना बरोबरीची. दिवे घाटात फरक आहे: उंचवट्यानंतर गाडी एका हालचालीत बसते, माझ्या जोडीवर दीड लागते. जोरात चालवत असाल तर हे अर्धं दोलन मोलाचं आहे. ताम्हिणीसारख्या मोकळ्या, वेगाच्या वळणांत ते जास्त जाणवेल. पण कोंढव्यापर्यंतच्या गतिरोधकांवर आणि कामावर जायच्या रस्त्यावर मला काही कळलं नाही, आणि माझं बहुतेक फिरणं तिथलंच आहे. पुढच्या स्प्रिंग आणि तेलाला जे पडले त्याच्या कितीतरी पट किंमत या जोडीची.

तेव्हा जोडी परत केली आणि सध्या घेत नाही. त्याआधी स्टिअरिंगची बेअरिंगं आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या हाताचे) बुश तपासायचे आहेत, कारण गाडीच्या वयाला त्यांत ढिलाई सापडली तर नवल नाही, आणि ढिल्या बुशवर कितीही भारी शॉकअप वाया. दिवाळीनंतर बायकोला घेऊन हरिहरेश्वरला जायचं ठरतंय. डबलसीट, वर सामान, तेव्हा प्रीलोड चौथ्या खाचेवर नेऊन सॅग परत मोजीन. तिथे गाडी तळाला लागली तर बाजूला ठेवलेल्या पैशांचा विचार पुन्हा करावा लागेल. ज्यांची इंटरसेप्टर आहे त्यांनी आपलं वजन, प्रीलोडची खाच आणि मागचा सॅग एवढे तीन आकडे कळवा, विशेषतः सत्तर किलोच्या आतल्यांनी.