सहाच्या राउंडला दोन ओळी

मिरजेला नर्स म्हणून नोकरीत होते तेव्हा फार्मासिस्ट म्हणजे खालच्या मेडिकलमध्ये काउंटरमागे उभा असलेला माणूस. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, नातेवाइकांनी धावत जाऊन औषधं आणायची, आम्ही ती द्यायची. इथे इंग्लंडच्या सरकारी इस्पितळात पहिल्याच आठवड्यात वॉर्डच्या फार्मासिस्ट बाई पेशंटच्या खाटेशी बसून, घरून आणलेली गोळ्यांची पिशवी पलंगावर ओतून एकेक पाकीट वाचताना दिसल्या. मला फार बरं वाटलं. किडनीचे रिपोर्ट, वजन, ॲलर्जी सगळं बघून त्या डॉक्टरांना डोस बदलायला लावतात. २००६ पासून तर इथे त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतःही औषध लिहून देऊ शकतात.

पूर्वी कागदी चार्टवर फार्मासिस्ट हिरव्या शाईने लिहीत, असं जुन्या सिस्टर सांगतात. हिरवं दिसलं की नर्स थांबायची. आता बदल कॉम्प्युटरवर होतो आणि त्याचा आवाज होत नाही.

गेल्या हिवाळ्यात पायाच्या शिरेत गुठळी झालेल्या एक आजी होत्या. रोज संध्याकाळी सहाला पोटात रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन. दुपारी डॉक्टर आणि फार्मासिस्टचं बोलून ठरलं की आता इंजेक्शनऐवजी त्याच कामाच्या अपिक्सबानच्या गोळ्या सुरू करायच्या. पुढच्या इंजेक्शनची जी वेळ, त्याच वेळी गोळीचा पहिला डोस द्यायचा असतो. म्हणजे सहालाच. गोळीची ऑर्डर चढली, इंजेक्शन बंद करायचं राहून गेलं. मी तेव्हा दुसऱ्या पेशंटला स्कॅनला घेऊन गेले होते. मला कुणी काही बोललं नाही.

सहाला आजींचा हातपट्टा स्कॅन केला. त्यांनी सवयीने गाऊन वर केला होता; पोटावर आधीच्या टोचण्यांचे निळे-पिवळे डाग. माझ्या हातात इंजेक्शन, आणि स्क्रीनवर दोन ओळी, एकाखाली एक, दोन्ही आत्ता द्यायच्या. रक्त पातळ करणारी दोन औषधं एकदम! मी गाऊन खाली केला, त्यांना म्हटलं, पाच मिनिटं थांबा.

पाच मिनिटांची चाळीस झाली. वॉर्डच्या फार्मासिस्ट पाचला घरी गेलेल्या. ऑन-कॉल फार्मासिस्टला फोन, मग ड्युटी डॉक्टर, मग इंजेक्शनची ऑर्डर बंद, मग गोळी. बाकीचे पेशंट ताटकळले, तरी दोन ओळी दिसत असताना अंदाजाने एक निवडणं मला कधीच मान्य नाही. रात्री लेखी रिपोर्ट दिला. कुणाचं नाव खराब व्हावं म्हणून नाही. तीच फट उद्या कुणाला तरी गिळेल म्हणून.

त्यावर वॉर्डात बैठक झाली. आता बदल झाला की फार्मासिस्ट त्या पेशंटच्या नर्सला गाठून तोंडी सांगतात, आणि नर्स ऐकलेलं परत म्हणून दाखवते. परवा मी औषधांच्या खोलीत सलाईन लावायच्या तयारीत होते, तर बाई दारात येऊन उभ्या. "चार नंबरच्या आजोबांचं," त्या म्हणाल्या, "काय बंद केलंय ते आधी सांगते."