संक्रांतीनंतरचा रविवार

आमच्या मंडळाचं संमेलन दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी असायचं. नारायण पेठेतल्या वाड्याच्या चौकात सतरंज्या, ओसरीवर एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलावर पितळी घंटा. सकाळी मुलांच्या स्पर्धा, दुपारी हळदीकुंकू, चार वाजता परिसंवाद. बक्षिसं, अहवालवाचन, आभार हे सगळं रीतसर होई, पण माणसं यायची ती चारच्या परिसंवादासाठी. बाहेरचा वक्ता बोलवायचा नाही, आपल्यातल्यांनीच बोलायचं, प्रत्येकी पाच मिनिटं, हा मंडळाचा दंडक होता. घंटा वाजली की वाक्य अर्धं टाकून खाली बसायचं.

आठवीत असताना ती घंटा वाजवण्याचं काम माझ्याकडे आलं. ते साल १९८८, तारीख १७ जानेवारी. विषय होता ‘स्वामी: वाचलेली आणि पाहिलेली’.

रणजित देसाईंची कादंबरी १९६२ची. मंडळाच्या वाचनालयातल्या प्रतीची तोवर दोनदा नवी बांधणी करून झाली होती. दूरदर्शनवरची मालिका गजानन जागीरदारांची. रवींद्र मंकणी माधवराव, मृणाल देव रमाबाई. वाड्यात टीव्ही तीनच. मालिकेच्या वेळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरावीस माणसं दाटीवाटीने बसत, उंबऱ्यात चपलांचा ढीग लागे. मालिका पाहून झाली, तरी तिच्यावरचं बोलणं काही संपेना. नळावर, जिन्यात, वाण्याच्या दुकानात तेच. शेवटी चिटणीस म्हणाले, एकदा चौकात बसून काय ते होऊन जाऊ द्या.

माधवराव मनाजोगता मिळाला याबद्दल दुमत नव्हतं. राघोबापाशी मात्र फाटे फुटले. श्रीकांत मोघ्यांचा राघोबा पाहताना त्याचा राग येत नाही, अशी मागच्या बिऱ्हाडातल्या काकांची तक्रार होती. पुतण्याविरुद्ध फौज घेऊन उठणारा माणूस असा लाघवी दाखवला, तर माधवरावांनी सोसलं काय, हे मुलांना कळायचं कसं? त्यावर माझे वडील म्हणाले, माणूस लाघवी असतो म्हणूनच तर घरात फूट पाडू शकतो. रास्ता पेठेतून येणाऱ्या एका सभासदांना वेगळंच दुखत होतं. गोपिकाबाई रास्त्यांच्या घरातल्या, आणि मामाला शिक्षा करण्यावरून मायलेकांत वितुष्ट आलं ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्यात एकट्या आईलाच कठोर ठरवलं, असं त्यांचं म्हणणं. पाचही मिनिटं ते त्यावरच बोलले आणि घंटा वाजल्यावरही उभेच राहिले.

खरी जुंपली ती आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांची आणि माझ्या आईची. सरांनी वाचनालयाची प्रत बरोबर आणली होती. तिच्या समासात पानोपानी पेन्सिलीच्या बारीक खुणा: ज्याला अस्सल पत्राचा आधार आहे तिथे ‘प’, लेखकाने रचलं आहे तिथे ‘क’, म्हणजे कल्पित. मंडळाचं पुस्तक खराब केलं म्हणून चिटणीस मनातून चिडले होते, पण सरांना कोण बोलणार? सर म्हणाले, राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ची, तिला कागद आहेत. कर्ज फेडण्याबद्दल माधवरावांनी मरणाआधी कलमं लिहून ठेवली, त्यालाही कागद आहेत. रमाबाई-माधवरावांच्या एकांतातलं एक वाक्यही दफ्तरात नाही. आणि लोकांना पाठ काय झालंय, तर तेच एकांतातलं. अकरा वर्षं राज्य सावरणारा पेशवा लोक आता नवरा म्हणून ओळखू लागले आहेत.

आई बोलायला उठेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. ती पदर सारखा करत उभी राहिली आणि म्हणाली, “सर, दफ्तरात सापडत नाही म्हणूनच तर कादंबरी लिहावी लागते.”

चौकात टाळ्या पडल्या. सरही हसले. आई पुढे बरंच बोलली: सोळाव्या वर्षी पेशवाई अंगावर पडलेला मुलगा रात्री कुणाशी तरी मोकळेपणी बोलला असेलच की, ते बोलणं लिहून ठेवायला कारकून कुठून येणार? तिची पाच मिनिटं केव्हाच उलटली होती. मी घंटा वाजवली नाही. मुद्दाम वाजवली नाही, हे आज सांगते.

आणि मग कोपऱ्यातल्या आजी उठल्या. वयाने मंडळात सगळ्यांत मोठ्या, वाचनालयाच्या पहिल्या सभासदांपैकी. आदल्या सप्टेंबरात राजस्थानात देवराळ्याला रूप कंवर ही अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळून गेली होती. सतीचा गौरव करणं हाही गुन्हा, असा कायदा संसदेने नुकताच केला होता. त्या दिवसांत कादंबरीचा शेवट, थेऊरला रमाबाईंचं सती जाणं, हा नुसता कादंबरीचा शेवट उरला नव्हता. दुपारी हळदीकुंकवाला बायका त्या शेवटाबद्दल पदर डोळ्याला लावून बोलत होत्या, ते आजींनी ऐकलं असावं. त्यांनी टेबलाला हात टेकला आणि सावकाश बोलू लागल्या.

“माधवराव गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे. रमा त्यांच्याहून लहान. ती पोर जळते, आपण डोळे पुसतो आणि वर हात जोडतो. हे मला पटत नाही.”

काका म्हणाले, “पण आजी, घडलंय ते. पुसून कसं टाकणार?”

“पुसू नका. दाखवा. सोहळा करू नका.” थोडं थांबून म्हणाल्या, “माझ्या आत्याला मी आलवणात पाहिलंय. चाळीस वर्षं तिने तसं काढलं. जी मागे राहून जगली तिचं वृंदावन कुणी बांधलं नाही. गोपिकाबाई मागे राहिली, तर तिला तुम्ही मघापासून कजाग म्हणताय.”

रास्ता पेठेतल्या सभासदांनी मान खाली घातली. टाळ्या वाजल्या नाहीत. चिटणीसांनी आभार मानायचे म्हणून मानले, आणि मग तिळगूळ वाटताना पुन्हा दोन तट पडले. आई म्हणत होती, देसाईंनी शेवट लिहिलाय तो प्रेमाचा आहे, प्रथेची भलामण त्यात नाही. मामी म्हणत होती, वाचताना तसं वाटतं, पण पडद्यावर चिता दिसते, प्रेम दिसत नाही. मला त्या वयात दोघींचं पटत होतं. आजही मी हे कोडं सोडवलं आहे असं म्हणवत नाही, पण मामीच्या वाक्यात वाचण्यातला आणि पाहण्यातला जो फरक आहे, तो मी पुढे अनेक चित्रपट पाहताना आठवला आहे.

२६ जानेवारीच्या सुट्टीला मंडळाची सहल थेऊरला गेली. चिंतामणीचं दर्शन झालं, मग सगळे नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी आले. आईने नमस्कार केला. सरांनीही केला. आजी काठी टेकून हात न जोडता बराच वेळ उभ्या राहिल्या. परतताना एसटीत त्या आईच्या शेजारीच बसल्या होत्या आणि दोघी एकाच डब्यातून गूळपोळी खात होत्या.

मधली बरीच वर्षं मी सांगत बसत नाही. वाडा पाडून इमारत झाली, आजी गेल्या, मामी नाशिकला गेली. संमेलन आता इमारतीच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भरतं, आणि दोन-तीन वर्षं तर परिसंवादाला वक्तेच मिळाले नाहीत. पण २०१६ साली पुन्हा मागल्यासारखी गर्दी झाली. योगायोगाने त्याही वर्षी संक्रांतीनंतरचा रविवार १७ जानेवारीलाच आला होता. महिन्यापूर्वी, १८ डिसेंबरला, ‘बाजीराव मस्तानी’ लागला होता. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर घेतलेला चित्रपट. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात यावरून पुण्यात निदर्शनं झाली होती, पहिल्या दिवशी काही खेळ रद्दही झाले होते.

या वेळी आई तावातावाने विरोधात बोलली. पेशव्यांची सून चारचौघांत सवतीबरोबर नाचते, बाजीराव फौजेसमोर नाचतो, हे तिला सहन झालं नव्हतं. तेव्हा माझी भाची उठली. वय वर्षं वीस. “आजी, तूच म्हणाली होतीस ना, दफ्तरात नाही म्हणून कादंबरी लिहावी लागते?” हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं, त्यामुळे तिला ते ठाऊक असणारच.

आई गडबडली नाही. म्हणाली, “जे कुणाला ठाऊक नाही ते खुशाल रचा. बंद दाराआड माधवराव रमेला काय म्हणाला, ते कुणाला ठाऊक आहे? पण त्या घरातल्या बायका कशा वागायच्या, ते ठाऊक आहे. जे ठाऊक आहे ते पुसून त्याच्यावर रचायचं नाही.”

“पण काशीबाईंचं नाव तरी आम्ही घेत होतो का?” भाची म्हणाली. “शाळेत मला बाजीराव शिकवले, पालखेड शिकवलं. काशीबाईंवर एक ओळ नव्हती. चित्रपट पाहून मी ‘राऊ’ विकत घेतली, मग चासला जाऊन काशीबाईंनी बांधलेलं सोमेश्वराचं देऊळ पाहून आले.”

मला आईचं म्हणणं अधिक पटलं होतं आणि अजूनही पटतं. पिंगा डोळ्यांना सुंदर आहे, पण त्या दोघींमधलं अंतर, ज्यातून दोघींचं दुःख उभं राहतं, तेच त्या नाचात नाहीसं होतं. भाचीला हे मान्य नाही. त्या दोघींना एकमेकींकडे पाहून हसताना एकदा तरी बघायचं होतं, असं ती म्हणते, आणि तिने तसं म्हटलं की मला लगेच उत्तर सुचत नाही.

सर त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. वय ऐंशीच्या पुढे, कानाला यंत्र. सगळं संपल्यावर आईजवळ येऊन म्हणाले, “वहिनी, अठ्ठावीस वर्षांनी माझ्या बाजूला आलात.”

“मी माझ्याच जागी आहे, सर,” आई म्हणाली. “तुम्हीच सरकून आलात.”

ते मनापासून हसले. मग भाचीकडे वळून त्यांनी ‘राऊ’ची तिची प्रत मागितली, आठ दिवसांसाठी.

“समासात खुणा केल्या तर चालतील ना?”

“माझं स्वतःचं पुस्तक आहे सर. खुशाल करा.”

सरांनी झब्ब्याचा खिसा चाचपला. पेन्सिल होती.