फांदीची मागची बाजू

जपानातल्या एखाद्या गावच्या सभागृहात दुपारच्या खेळाला 'हाना इकुसा' हा चित्रपट लावला, की प्रेक्षकांच्या दोन तऱ्हा दिसतात. एक, तलवार कधी बाहेर निघते याची वाट बघणारे. दुसरे, इकेबाना म्हणजे फुलं-फांद्या मांडण्याची जपानी कला शिकलेले. हे मान वाकडी करून फांदी पाण्यातून नेमकी कुठून वर आली ते शोधत बसतात.

तेत्सुओ शिनोहारांचा हा २०१७चा चित्रपट. क्योतोच्या रोक्काकुदो या षट्कोनी देवळातला फुलं मांडणारा भिक्षू इकेनोबो सेन्को (भूमिकेत मान्साई नोमुरा) आणि समोर तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी. चहागुरू रिक्यूला १५९१ साली हिदेयोशीच्या हुकमाने पोट चिरून मरावं लागलं, ती जखम गोष्टीच्या पोटात आहे. सेन्कोची खरी कमाल मात्र १५९४ची. सरदार माएदा तोशिइएच्या वाड्यावर हिदेयोशी येणार म्हणून त्याने वाळू भरलेल्या परातीत सात मीटर रुंदीची पाइनची रचना उभी केली. मागे टांगलेल्या चित्रांत वीस माकडं होती. समोर बसून पाहिलं की ती पाइनवरच बसलेली वाटायची. हिदेयोशीला लोक पाठीमागे माकडच म्हणत, हे वेगळं सांगायला नको.

पण हे सगळं समोरून, जमिनीवर बसून बघायचं. कॅमेरा हातभर सरकला की माकडं खाली! वरून टिपलेली रचना म्हणजे तर शिवणीची उलटी बाजू.

त्या काळी केन्झान, म्हणजे देठ खोचायचा काट्यांचा ठोकळा, नव्हता. वाळलेल्या भाताच्या काड्या पाती काढून घट्ट बांधायच्या, त्या जुड्या भांड्याच्या तोंडात ठासायच्या आणि वरून एका पातळीत छाटायच्या. देठाला अणी करून तो त्यात खुपसायचा. देठ नाजूक असेल तर त्याला बारीक काडी बांधून. भिजलेला पेंढा फुगतो, पकड घेतो. जुडी सैल राहिली की जड फांदी हळूहळू स्वतःभोवती फिरते आणि तोंड भिंतीकडे करते. पाइन वाकवताना दोन्ही अंगठे जोडून, किंचित पिळत, दमानं. जाड फांदीला तिरपी खाच द्यायची आणि खाचेत पाचर मारायची. खाच अर्ध्याच्या पुढे गेली की फांदी हातात येते. शेवंतीला कात्री लावायचीच नाही; देठ पाण्याखाली बुडवून हातानं मोडायचा. कात्रीने देठातल्या नळ्या चेपतात, मोडल्यावर धागे मोकळे राहतात आणि पाणी चढतं. हवेत मोडला तर नळ्यांत हवा शिरते आणि फूल मान टाकतं.

यातलं पडद्यावर फार थोडं येतं. त्यात सभागृहाचे पडदे नीट लागत नाहीत. उजेड शिरला की पाइनचा हिरवा फिका पडतो आणि पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्या एकमेकींत विरघळतात. अशा खेळाला निदान शेवटची खिडकी तरी काळ्या कागदाने बंद करावी.

दाराशी खरी रचना मांडायची हौस असतेच. ती एसीच्या झोतात नको आणि चहाच्या टेबलापासूनही लांबच हवी. तिथे सफरचंदं असतात, आणि पिकत्या फळांच्या वायूने फुलं लवकर गळतात.

खेळानंतर चर्चा ठेवली तर इकेबानावाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढा पाइन आणला कुठून? रिक्यूबद्दल विचारायचं काम ते तलवारवाल्यांवर सोडतात.