सुईवर एकच टाका

घरात मोठं आजारपण आलं की लोक दोन सल्ले हमखास देतात. एक म्हणजे अमुक गावच्या वैद्याचं औषध घ्या, आमच्या मेव्हण्याला गुण आला. आणि दुसरा, वहिनी, तुम्ही तुमचं मन कशात तरी रमवा. पहिला मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. दुसऱ्याचा मात्र राग यायचा. ह्यांच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते आणि मी म्हणे मन रमवायचं!

पुढे हातात क्रोशाची सुई आली हे खरं, पण ती मन रमवायला नाही. डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर चार चार तास बसून करायचं काय, या प्रश्नातून आली. तसा बाक आणखी कुणाच्या नशिबी आला असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं आणि प्रत्येक वेळी साधारण चार तास. पण चार तास हे फक्त मशीनचे. आधी वजन, बीपी, मग सुया टोचणं; संपल्यावर सुया काढलेली जागा रक्त थांबेपर्यंत दाबून धरणं, पुन्हा वजन. अर्धा दिवस सहज जातो. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो आणि सेंटर घाटकोपरला, एका ट्रस्टचं. आमची सकाळची पहिली शिफ्ट. जाताना रिक्षा, कारण पोट रिकामं आणि ह्यांना गर्दी सोसत नाही. हातावरच्या फिस्टुलासाठी त्याआधी एका दुसऱ्या हॉस्पिटलात ज्या फेऱ्या झाल्या, त्याबद्दल न बोललेलंच बरं. एकदा तर आम्ही दिलेला कागद त्यांच्याच टेबलावरून गहाळ झाला आणि ऑपरेशनची तारीख पुढे गेली. फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि रोहिणी एकमेकींना जोडणं. शीर त्यामुळे फुगून जाड होते आणि तिच्यात सुया घालता येतात. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, तोवर मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे नळीवर, काम चालतं. ते दिवस मला नीट आठवतही नाहीत.

आठवतो तो बाक. सुरुवातीला मी मोबाइल घेऊन बसायचे आणि किडनीबद्दल वाचत सुटायचे. पोटॅशियम वाढलं तर काय होतं, पाणी फुप्फुसात गेलं तर काय होतं. शिफ्ट संपेपर्यंत आतला माणूस ठीक असायचा आणि बाहेरची बाई आजारी. मग ठरवलं की मोबाइल पर्समध्ये राहील.

पहिल्यांदा भरतकाम नेलं. शाळेत शिकलेली साखळी आणि काश्मिरी टाका हात विसरला नव्हता. पण भरतकामाचा संसार मोठा. रिंग, कात्री, रंगीत लड्या, आणि अँकरच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन सोडवून घ्यायचे म्हणजे उजेड हवा. बाकावर ट्यूबलाइट होती ती दुसऱ्या टोकाला. बारीक सुई एकदा फरशीवर पडली आणि मी व शेजारच्या बाई दोघी खाली वाकून शोधत बसलो. आजूबाजूला पेशंट स्लिपर घालून चालतात, कुणाच्या पायात गेली असती तर? भरतकाम बंद.

मग दोन सुयांचं विणकाम. पट्टी छान वाढत होती. एक दिवस आतून हाक आली, ‘काकू, काकांच्या पायात गोळा आलाय, जरा या.’ सुया तशाच बाकावर ठेवून धावले. परत आले तर एक सुई निसटलेली आणि टाके ओळीने खाली उतरलेले. उचलता येतात ते, मला येतं. पण पिंडरी चोळून थरथरणाऱ्या हातांनी निसटलेले टाके उचलायचे म्हणजे अंगावर आणखी एक काम.

तिथे मला क्रोशाची खरी किंमत कळली. दोन सुयांच्या विणकामात साठ-सत्तर टाके एकाच वेळी जिवंत असतात, एक निसटला की बाकीचे त्याच्या मागे. क्रोशाच्या सुईवर जिवंत टाका एकच. हाक आली की तो जरा लांब ओढायचा, सुई काढायची, सगळं पिशवीत टाकायचं आणि उठायचं. तासाने या, नाहीतर दोन दिवसांनी. टाका जिथे होता तिथेच असतो.

क्रोशा मला लग्नानंतर सासूबाईंनी शिकवला होता. त्यांच्या काळी टीव्हीपासून पाण्याच्या माठापर्यंत सगळ्यावर जाळीदार रुमाल असायचे आणि मी मनात हसायचे. माझ्या रुखवतातलं तर बहुतेक सगळं विकतचं होतं. पण साखळी, मुका खांब, खांब एवढे टाके त्यांनी बसवून घेतले होते, आणि ज्याला आज ग्रॅनी स्क्वेअर म्हणतात तो चौकोनही. चार साखळ्या घालून गोल जोडायचा. तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, त्याला लागून आणखी दोन खांब, मग कोपऱ्यासाठी दोन साखळ्या. असे चार गट झाले की पहिली फेरी पूर्ण. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या खिडकीत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. डोकं लागत नाही, फक्त बोटं लागतात. आतल्या मशीनचा बीप ऐकू आला तरी फेरी चुकत नाही. आणि खरं सांगायचं तर बीप ऐकू यायलाच हवा होता मला. सगळं विसरायला लावणारं काम तिथे चाललं नसतं.

चौकोन जमत गेले तसा त्यांचं करायचं काय हा प्रश्न आला. उत्तर आतून मिळालं. चालू डायलिसिसमध्ये पेशंटला थंडी वाजते. रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरून येतं, त्यात हॉलचा एसी. हे सेंटरची चादर गळ्यापर्यंत ओढायचे आणि सिस्टर ओरडायच्या, कारण फिस्टुलाचा हात झाकायचा नसतो. सुई निसटली आणि वर पांघरूण असलं तर रक्त गेलेलं कुणाला कळणारच नाही. म्हणून ठरवलं की असं पांघरूण करायचं, ज्याला ह्यांच्या फिस्टुलाच्या बाजूला, डाव्या खांद्यापासून खाली, कापडच नसेल. बाकी अंग झाकलं जाईल, हात उघडा.

रंग मी मरून धरला होता. मनात म्हटलं, डाग पडला तरी दिसणार नाही. टेक्निशियन पोराने नमुना बघितला आणि मान हलवली. ‘काकू, गडद नका घेऊ. थेंब पडला तर तो लांबून दिसला पाहिजे.’ एवढी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात आली नव्हती. घरच्या बाईला डाग लपवायची सवय असते. मग दादरला जाऊन फिकट मोतिया रंगाचा जाड सुती धागा आणला. लोकर आधीच बाद होती. मुंबईच्या हवेत ती टोचते, आणि रक्त लागलेलं कापड आधी गार पाण्यात भिजवून मग साबणाने वरचेवर धुवावं लागतं, ते सुतालाच सोसतं.

धाग्यावरून आठवलं. बाकावर एक काका यायचे, मूळचे राजापूरकडचे, त्यांच्या मिसेस आत असायच्या. काही दिवस ते नुसते बघत होते. मग एकदा त्यांनी माझ्या गुंडीचं टोक चिमटीत धरलं, पीळ उलगडून पाहिला आणि म्हणाले, ‘बाय, हे मर्सराइज सूत. ह्या कामात माझी उमर गेली.’ ते गिरणीत मर्सराइझिंग खात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तोवर. संपाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, सुताबद्दल मात्र भरभरून बोलले. सूत कॉस्टिक सोड्यात बुडवतात ते ताणून धरून. ताण सोडला तर ते आकसतं आणि चमक येत नाही. एकदा ताणलेल्या स्थितीत सोडा धुऊन निघाला की धागा गुळगुळीत, मजबूत होतो आणि रंग चांगला धरतो. मी नंतर शोधलं तर सोड्याचा हा गुण जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाला १८४४ साली सापडला होता. ताणायची युक्ती पुढे १८९० च्या सुमारास आली. काकांना मर्सर कोण ते ठाऊक नव्हतं. ‘असेल कोणतरी साहेब,’ म्हणाले. तेव्हापासून लड्यांच्या गुंड्या करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दोन्ही गुडघ्यांवर लडी चढवून बसायचे, आणि त्यांची गुंडी कधी गुंतली नाही. पुढे त्यांची शिफ्ट दुपारची झाली. जाता-येता दारात भेट झाली की आधी विचारतात, पांघरूण कुठवर आलं.

माझी भाची ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे पेशंटला कामं करायला लावून उपचार करायचं शास्त्र, शिकते. तिला हे सगळं कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, मावशी, तू आमच्या पहिल्या वर्षाचा धडा करते आहेस. तिच्याकडून कळलं की आशियातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा आपल्या परळच्या केईएममध्ये १९५० साली सुरू झाली आणि ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. या विषयाच्या सुरुवातीच्या काळात मागावर विणणं, टोपल्या करणं, शिवणटिपण हीच औषधं असायची. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांनाही तीच दिली गेली. मात्र काम पेशंटकडे बघून निवडायचं, कुठला हात चालतो, किती वेळ बसवतं, दम किती आहे ते बघून. हे मला फार पटलं. लोक नुसतं ‘काहीतरी विण’ म्हणतात. काय विणायचं हे ज्याच्या त्याच्या अडचणीवर असतं. ज्या बाईला रात्र रात्र झोप येत नाही तिला कदाचित अवघड नक्षीचं भरतकामच बरं, डोकं गुंतून तरी राहील. माझं डोकं दाराकडे लागलेलं, मला उठता येईल असंच काम हवं होतं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. वाईट दिवशी सुईचा काही उपयोग झाला नाही. ह्यांचं बीपी एकदम खाली गेलं, पाय वर करून सलाइन चढवलं, त्या दिवशी मी पिशवी उघडलीसुद्धा नाही. नंतरही आठवडाभर नाही. ‘विणलं की दुःख हलकं होतं’ असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते. माझ्या बाबतीत एवढंच झालं की साध्या दिवसांना धरायला काहीतरी मिळालं, आणि डायलिसिसच्या घरात साधे दिवसच जास्त असतात. पाणी मोजून द्यायचं, नारळपाणी बंद, पालेभाजी उकळून पाणी फेकायचं, सरकारी फुले आरोग्य योजनेच्या कागदांसाठी रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढायच्या. किडनीसाठी झेडटीसीसीच्या, म्हणजे दान आलेले अवयव कुणाला द्यायचे ते बघणाऱ्या संस्थेच्या, प्रतीक्षायादीत नाव घातलंय. तिथे आपल्या हातात काही नसतं. पांघरुणाची ओळ मात्र संध्याकाळी मोजता यायची.

पांघरूण झालं. ह्यांनी पहिल्यांदा घेतलं तेव्हा म्हणाले, ‘अगं, हे तर एका बाजूने उंदराने खाल्ल्यासारखं दिसतंय.’ सिस्टरना मात्र आवडलं. उरलेल्या धाग्याचे चेंडू केले, आत चिंध्या भरून. नवीन फिस्टुला झालेल्यांना मऊ चेंडू दाबायचा व्यायाम सांगतात, त्यांच्या कामी येतात.

आता पलीकडच्या बेडवरच्या बाईंना तसंच पांघरूण हवंय. त्यांचा फिस्टुला उजव्या हाताला. नवीन बेत आखायला नको, तेच पालथं घातलं की डाव्याचं उजवं होतं, हे माझं म्हणणं. ह्यांचं म्हणणं, चौकोनांची सुलट बाजू खाली गेल्यावर शोभा काय राहिली? चौकोन उलटे धरून जोडू म्हटलं तेव्हा वाद मिटला. पैसे मी घेणार नाही आणि फुकट त्या घेणार नाहीत, म्हणून धागा त्यांनीच आणून दिलाय. लिंबू कलर. मला तो रंग अजिबात आवडत नाही, पण पांघरायचं त्यांना आहे.