खारेपाटातले भाताचे बी

पेरणीपूर्वी भाताचे बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून, बुडवण्याची पद्धत आमच्या घरी आहे. तरंगणारी पळींजे, म्हणजे पोकळ दाणे, काढून टाकायची आणि तळाशी बसलेले बियाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. समुद्राचे पाणी याहून फारसे खारट नसते. एवढ्या मिठातून सुखरूप निघणारे बी, त्याहून कितीतरी कमी खार असलेल्या आमच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, खाचरात मात्र कधीकधी उगवतच नाही, याचे कोडे मला बरीच वर्षे होते.

फरक वेळेचा आहे: मिठाच्या पाण्यात बी थोडाच वेळ असते, खाचरात मात्र दिवसेंदिवस. कोरडे बी रुजण्याआधी पाणी शोषून फुगते. पण भोवतीच्या पाण्यात क्षार विरघळलेले असले की ते पाणी बियाच्या हाती सहज लागत नाही, त्यामुळे मोड येण्यास उशीर होतो, आणि त्या उशिरात सोडियम व क्लोराइड आत शिरून कोंबाला इजा करतात. खाऱ्या पाण्यात दोन दिवस न रुजलेले दाणे मी एकदा धुऊन गोड्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्यांतील बरेचसे रुजले. म्हणजे ते मेलेले नव्हते, तहानलेले होते.

हा उशीर किती लांबेल, हे तापमानावरही ठरते. भाताला रुजण्यासाठी साधारण ३० अंश सेल्सिअस मानवते. उन्हाळी भाताची रोपवाटिका थंडीत टाकली की गोड्या जमिनीतही उगवण रेंगाळते, मग खाऱ्या जमिनीत बियाला तो ताण अधिकच लांबतो. उष्णतेची बाजू वेगळी आहे. एका वर्षी पहिल्या हलक्या सरीवर मी घाईने पेरणी केली आणि नंतर चार दिवस कडक ऊन पडले. एप्रिल-मेमध्ये खालून वर चढलेला खार त्या सरीने वाहून गेला नव्हता, केवळ विरघळला होता. उन्हाने ओल उडाली, उरलेल्या ओलीतला खारटपणा वाढला आणि पेरणी वाया गेली.

म्हणूनच खारेपाटातली रहूची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते: दमदार पावसाने खार धुऊन उघाडीवाटे, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारातून, ओहोटीला बाहेर जाऊ द्यायचा, आणि गोड्या पाण्यात भिजवून गोणपाटात मोड आणलेले बी चिखलावर फेकायचे. बियाचा सर्वांत तहानलेला काळ अशा रीतीने घरातच सरतो. गोणपाटातले बी मात्र अधूनमधून हलवावे लागते, कारण रुजताना ते स्वतःच तापते. रुजल्यावरही कोवळे रोप बियाहून नाजूक असते, म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे क्षारसहिष्णू वाण लावत असूनही पहिले काही आठवडे मी बांधावरून नजर हटवत नाही.