लायब्ररीच्या तासासाठी टाइमटेबलमध्ये जागा मिळवताना: माझा अनुभव

मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आहे. मुलांना माहिती शोधायला आणि तपासून घ्यायला शिकवायचं, एवढंच मला करायचं होतं. शिकवणं जमलं, अडलं ते तास मिळवताना.

विभागाच्या ऑफिसात अर्ज दिला तर म्हणाले विभागप्रमुखांची सही आणा, सही आणली तर याला क्रेडिट किती, क्रेडिट नाही म्हटल्यावर मग अभ्यास मंडळापुढे ठेवावं लागेल, आणि मंडळाची बैठक थेट पुढच्या सत्रात. चौकशीला गेलं की एकच उत्तर, "मॅडम, ओरिएंटेशन घेता ना, त्यातच उरकून टाका." याचा मला अजून राग येतो. ओरिएंटेशनला हॉल भरलेला, मुलांना कार्ड कधी मिळणार आणि दंड किती एवढंच हवं असतं, हातात असाइनमेंटच नाही तर डेटाबेसमध्ये शोधणार काय? गरज नसताना सांगितलेलं पंधरा दिवसांतच विसरलं जातं हे काउंटरवर बसणाऱ्या कुणालाही माहितीये, पण ऑफिसला ते कोण सांगणार.

शेवटी ऑफिसचा नाद सोडला आणि एका प्राध्यापिकांना गाठलं. त्यांचे प्रोजेक्ट सुरू होणार होते, त्यांनी स्वतःचाच तास दिला, एकही कागद लागला नाही. तुम्हीही आधी शिकवणाऱ्यांनाच भेटा.

तासाला एकाने प्रोजेक्टचं अख्खं शीर्षक सर्च बॉक्समध्ये टाकलं, निकाल शून्य. मग त्यातले दोनच मुख्य शब्द काढले, समानार्थी शब्द 'ऑर'ने जोडले, दोन्ही गट 'अँड'ने, आणि लेखांची यादी आली! त्याचा चेहरा बघून सगळा मनस्ताप वसूल झाला.

लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला 1998 चा पेपर मी मुद्दाम दाखवते. तो 2010 मध्ये मागे घेतला गेला, पण भलतीकडून डाउनलोड केलेल्या कॉपीवर मागे घेतल्याचा शिक्का नसू शकतो, म्हणून जर्नलच्याच पानावर जाऊन बघायचं. एआयने दिलेल्या संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) उघडून बघायचाच, कधी उघडतच नाही, कधी दुसराच पेपर निघतो.

आणि हो, तास असाइनमेंट दिल्यानंतरच मागा. कुठे, कोणत्या शब्दांनी शोधलं याच्या नोंदीला थोडे मार्क ठेवायला सांगा, आमच्याकडे ते ठेवल्यापासून मुलं सबमिशनच्या आधीच विचारायला येतात.